टाकून देतो, पण कुणाला? जगाचा कचरा आणि त्याचा वाली



आजचा विषय कचरा हा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी कचऱ्यावर काय बोलायचं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. कचऱ्याचं तंत्र अभियंत्यांकडे, त्याचा हिशेब अर्थतज्ज्ञांकडे आणि त्याचा वास महापालिकेकडे, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकलेली आहे. पण या तिघांच्याही आधी एक प्रश्न उभा असतो आणि तो नीतीचा आहे. आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाणार असेल, तर ती तिथं पाठवायचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

मराठीत आपण कचरा नुसता ‘टाकतो’ असं थोडंच म्हणतो? ‘टाकून देतो’ म्हणतो, ‘फेकून देतो’ म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीनं इथं ‘देणे’ हे सहायक क्रियापद आहे. काम उरकलं, हात मोकळे झाले, एवढंच ते सांगतं. पण क्षणभर ते शब्दशः घेऊया. देतो, तर कुणाला देतो? घेणारा कोण? त्याला विचारलं होतं का? जगातल्या वेगवेगळ्या प्रदेशांनी आपापल्या कचऱ्याचं काय केलं, हे आज आपण पाहणार आहोत. ते पाहताना हा एक प्रश्न हाताशी ठेवूया.

किती आणि कुणाचा

आधी थोडे आकडे. जागतिक बँकेनं २०१८ साली या विषयावर एक मोठा अहवाल काढला. त्यानुसार २०१६ या एका वर्षात जगातल्या गावाशहरांमधून सुमारे २०१ कोटी टन कचरा निघाला. यात घरं, दुकानं, कचेऱ्या, बाजार यांचाच कचरा धरलेला आहे. कारखाने, शेती, इमारतींचा राडारोडा यांचा हिशेब वेगळा, आणि तो याच्या कितीतरी पट आहे. आहे ते असंच चालू राहिलं तर २०५० पर्यंत हा आकडा ३४० कोटी टनांवर जाईल, असा त्या अहवालाचा अंदाज होता.

माणशी सरासरी काढली तर रोज पाऊण किलोच्या जवळपास. ही सरासरी मात्र फसवी आहे. काही देशांत माणशी रोजचे सव्वाशे ग्रॅमसुद्धा भरत नाहीत आणि काही देशांत साडेचार किलो भरतात. उच्च उत्पन्नाच्या देशांत जगातली १६ टक्के माणसं राहतात, पण जगाचा ३४ टक्के कचरा तिथून निघतो. कचऱ्याची जातकुळीही वेगळी असते. गरीब देशांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो, म्हणजे भाजीची देठं, साली, पालापाचोळा, खरकटं. श्रीमंत देशांत हा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास येतो. बाकी सगळं कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू. थोडक्यात सांगायचं तर समाज श्रीमंत होतो तसा त्याचा कचरा कुजेनासा होतो.

आता हा कचरा जातो कुठं? त्याच अहवालाप्रमाणे जगातला ३७ टक्के कचरा या ना त्या प्रकारच्या भरावात पुरला जातो. ३३ टक्के उघड्यावर टाकला जातो. १९ टक्क्यांचा पुनर्वापर होतो किंवा खत होतं, आणि ११ टक्के भट्ट्यांमध्ये जाळला जातो. सर्वांत गरीब देशांत शहरांतला जेमतेम निम्मा कचरा उचलला जातो, खेड्यांत तर एक चतुर्थांशच. त्या देशांतला ९३ टक्के कचरा उघड्यावर पडतो किंवा जळतो. श्रीमंत देशांत हेच प्रमाण २ टक्के आहे.

हे आकडे ऐकले की एक निष्कर्ष चटकन काढला जातो. श्रीमंत देश स्वच्छ, गरीब देश गलिच्छ; तेव्हा गरिबांना शिस्त शिकवा. या निष्कर्षात दोन गफलती आहेत. पहिली अशी की कचरा किती करतो आणि कचरा किती नीट उचलतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज चार किलो कचरा करून तो झाकलेल्या गाडीतून पाठवणारा माणूस नीटनेटका असेल, पण त्याचा भार कमी नाही. शिवाय उचलायलाही पैसे लागतात. गरीब देशांतल्या नगरपालिकांचा सरासरी पाचवा हिस्सा खर्च कचऱ्यावरच होतो, आणि तरीही तो पुरत नाही. श्रीमंत देशांत ४ टक्क्यांत काम भागतं. दुसरी गफलत अधिक खोल आहे. कचरा जिथं दिसतो तिथलाच तो असतो, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. ते कसं, हे पुढं येईलच.

उकिरड्याची दैना

आपल्याकडे एक म्हण आहे: उकिरड्याची दैना बारा वर्षांनीसुद्धा फिटते. म्हणजे कितीही वाईट दिवस असले तरी कधी ना कधी पालटतात. ही म्हण ज्यांनी केली त्यांचा उकिरडा आपण नीट समजून घेतला पाहिजे. तो परसात किंवा गावकुसाजवळ असायचा. त्यात शेण, चुलीतली राख, कडबा, पालापाचोळा पडायचा. वर्षभरात त्याचं खत व्हायचं आणि ते शेतात जायचं. या व्यवस्थेत तीन गोष्टी होत्या. कचरा ज्याचा त्याच्याच नजरेसमोर असायचा. तो कुजणारा असायचा. आणि तो परत उपयोगी यायचा.

हे सुखाचं चित्र पूर्ण नाही, हेही लगेच सांगायला हवं. त्याच गावात मेलेलं ढोर ओढायचं काम, घाण काढायचं काम जातीनं ठरलेलं होतं. म्हणजे जे कुजून खत होत होतं ते मालकाच्या परसात राहत होतं, आणि ज्याची किळस वाटत होती ते विशिष्ट माणसांच्या माथी मारलं जात होतं. ‘कुणाला देतो’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या समाजानं फार पूर्वीच देऊन ठेवलं होतं, आणि ते लाज आणणारं उत्तर होतं. गाडगेबाबा कीर्तनाआधी हातात झाडू घेऊन अख्खं गाव झाडायचे, त्याचा अर्थ या संदर्भात लावावा लागतो. त्यांचं झाडणं स्वच्छतेसाठी तर होतंच, पण घाण काढणारा हात खालचा असतो या समजुतीवरही तो घाव होता.

आधुनिक शहरानं उकिरड्याच्या त्या तिन्ही गोष्टी मोडल्या. कचरा नजरेआड नेला. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जातोय. तिथं जगणारी वस्ती वगळता मुंबईकरांना देवनारची आठवण क्वचितच यायची. २०१६ साली तिथल्या ढिगाऱ्यांना मोठ्या आगी लागल्या, धूर शहरभर पसरला, तेव्हा देवनार सगळ्यांना आठवलं. ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणतात ती इतकीच टिकते. वारा फिरला की संपली.

आणि कचरा कुजेनासा झाला. १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं, असा अंदाज २०१७ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासानं मांडला. त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला होता. या कचऱ्यापैकी पुनर्वापर झाला फक्त ९ टक्क्यांचा. १२ टक्के जाळला गेला. उरलेला ७९ टक्के कुठंतरी पुरलेला आहे, नाहीतर नदीनाल्यांत, समुद्रात, रानात पडून आहे. या उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटत नाही. शेकडो वर्षं तो तसाच राहणार.

टोकियोचं कचरायुद्ध

मग समाजांनी काय मार्ग काढले? सुरुवात जपानपासून करूया, कारण ‘कुणाला देतो’ हा प्रश्न तिथं अगदी रस्त्यावर विचारला गेला.

टोकियो शहरात २३ प्रभाग आहेत. प्रत्येकाला स्वतःचं स्थानिक सरकार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर झपाट्यानं वाढलं आणि कचराही वाढला. तो टोकियोच्या उपसागरात भराव घालायला जायचा आणि त्याची वाट कोतो नावाच्या प्रभागातून होती. तिथल्या एका भरावाचं नाव होतं युमेनोशिमा, म्हणजे ‘स्वप्नांचं बेट’. १९६५ च्या उन्हाळ्यात या स्वप्नांच्या बेटावरून माशांचे थवेच्या थवे वस्तीत घुसले. शेवटी तिथला कचरा पेटवून द्यावा लागला.

कोतोच्या लोकांनी वर्षानुवर्षं गळक्या गाड्या, दुर्गंधी आणि माशा सोसल्या. १९७१ साली त्यांची सहनशक्ती संपली. इतर प्रभागांना त्यांनी विचारलं: तुमचा कचरा आमच्या दारातून का? तेव्हाचे टोकियोचे राज्यपाल रियोकिची मिनोबे हे मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी त्याच वर्षी ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ पुकारलं आणि एक तत्त्व मांडलं: ज्या प्रभागाचा कचरा, त्याच प्रभागात त्याची विल्हेवाट.

तत्त्व सगळ्यांना पटलं. ते आपल्या गल्लीपर्यंत येईपर्यंत! शहराच्या पश्चिमेला सुगिनामी नावाचा सुखवस्तू प्रभाग आहे. तिथं कचरा जाळायची भट्टी उभारायचं ठरलं, तेव्हा रहिवाशांनी कडाडून विरोध केला. म्हणजे आमचा कचरा कोतोला जाऊ दे, पण आमच्याकडे भट्टी नको. मग कोतोच्या लोकांनी काय केलं? सुगिनामीहून येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. फक्त सुगिनामीच्या. सुगिनामीत कचरा साचायला लागला. अखेर १९७४ मध्ये न्यायालयाच्या मध्यस्थीनं तडजोड झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुगिनामीत भट्टी सुरू झाली. आज टोकियोच्या प्रभागांमध्ये अशा वीसएक भट्ट्या आहेत, त्यांतल्या कित्येक ऐन वस्तीत. सुगिनामीच्या भट्टीच्या उष्णतेवर शेजारच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवलं जातं.

या कहाणीतून आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते असं. भट्टी आपल्या शेजारी येणार म्हटल्यावरच लोकांनी विचारायला सुरुवात केली: धुरात काय आहे? चिमणी किती उंच हवी? मोजमाप कोण करणार, आम्हाला कोण दाखवणार? जी भट्टी दूरच्या गरिबाच्या दारात जाते तिला हे प्रश्न विचारायला कुणी वजनदार माणूस नसतो. कचरा जवळ ठेवला की तंत्रज्ञान सुधारतं. याला तुम्ही नीतीचा तांत्रिक फायदा म्हणा हवं तर.

जपानमधलंच दुसरं टोक म्हणजे शिकोकु बेटावरचं कामिकात्सु हे जेमतेम दीड हजार वस्तीचं डोंगरी गाव. २००३ साली त्यानं जाहीर केलं की २०२० पर्यंत आम्ही काहीही जाळणार किंवा पुरणार नाही. तिथं घंटागाडी येत नाही. लोक स्वतः कचरा केंद्रावर आणतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. बाटली वेगळी, बाटलीचं झाकण वेगळं. एवढं करून ते ८० टक्क्यांपर्यंत पोचले. उरलेल्या २० टक्क्यांचं काय? तिथं गावकऱ्यांची शिस्त कमी पडली नाही. काही वस्तू मुळातच अशा बनवलेल्या असतात की त्या वेगळ्या करता येत नाहीत. प्लास्टिक, धातू आणि कागद एकमेकांना चिकटवलेली पाकिटं घ्या. ती कितीही धुतली तरी पाकिटंच राहतात. नागरिकाच्या सद्गुणाला एक मर्यादा आहे, आणि ती वस्तू बनवणाऱ्याच्या कारखान्यात ठरते.

कचऱ्याला किंमत लावली तर

दक्षिण कोरियानं वेगळी वाट धरली. सोल शहराचा कचरा १९७८ पासून हान नदीकाठच्या नानजीदो नावाच्या बेटावर जात होता. पंधरा वर्षांत तिथं जवळजवळ शंभर मीटर उंचीचे दोन डोंगर उभे राहिले. १९९३ मध्ये ते बंद केले, त्यांवर माती टाकली, आतून निघणारा वायू गोळा करायची सोय केली, आणि २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी तिथं उद्यान झालं. आपली म्हण खरी ठरल्यासारखंच!

पण कोरियानं खरं काम केलं ते घराघरांत. १९९५ पासून कचरा ठराविक विकतच्या पिशवीतच टाकायचा असा नियम झाला. जितका कचरा, तितक्या पिशव्या, तितके पैसे. पुनर्वापराच्या वस्तू वेगळ्या दिल्या तर पैसे नाहीत. २००५ मध्ये खरकटं थेट पुरायला बंदी आली. २०१३ पासून खरकट्याचीही वजनावर आकारणी होऊ लागली. अनेक इमारतींखाली पेटी असते. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, पेटी वजन करते आणि तेवढी रक्कम त्या घराच्या नावावर पडते. आज तिथलं ९० टक्क्यांहून अधिक खरकटं खत, पशुखाद्य किंवा वायू यांच्या कामी येतं. अडचणी आहेतच. कोरियन जेवणातल्या मिठामुळे त्या खताला आणि पशुखाद्याला मर्यादा पडतात. पण ‘आपण किती टाकतो’ हे प्रत्येक घराला आकड्यात कळू लागलं, ही गोष्ट छोटी नाही.

आता लगेच प्रश्न येतो: म्हणजे पैसे मोजले की टाकायचा अधिकार मिळतो का? आमच्या मते इथं दोन प्रकारची किंमत वेगळी केली पाहिजे. एक किंमत वर्तन बदलायला लावते, दुसरी अपराधभाव पुसून टाकते. कोरियातली पिशवी बऱ्याच अंशी पहिल्या प्रकारची आहे. तरीही तिथंही ‘कुणाला’ हा प्रश्न सुटलेला नाही. नानजीदो बंद झाल्यावर सोलचा उरलेला कचरा शेजारच्या इंचॉनमधल्या प्रचंड भरावात जाऊ लागला, आणि इंचॉनचे लोक आज तेच विचारताहेत जे कोतोचे लोक विचारत होते.

युरोपची गोष्ट थोडक्यात. जर्मनीनं १९९१ मध्ये नियम केला की मालाचं वेष्टन ज्यानं बाजारात आणलं, त्याच्या विल्हेवाटीचा भारही त्यानंच उचलायचा. कामिकात्सुच्या उरलेल्या २० टक्क्यांना हेच उत्तर लागू पडतं. पुढं अनेक देशांनी हा विचार उचलला. स्वीडननं जळाऊ आणि जैविक कचरा पुरायला बंदी घातली. तिथला घरगुती कचऱ्याचा १ टक्क्याहूनही कमी भाग पुरला जातो. जवळजवळ निम्मा जाळला जातो आणि त्यातून घरं तापवायला गरम पाणी मिळतं. ऐकायला छान वाटतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. पण भट्टी एकदा बांधली की तिला रोज खायला लागतं. स्वीडन इतर देशांतून कचरा विकत आणत नाही, उलट पैसे घेऊन आणतो, आणि भट्ट्या भरतो. ज्या व्यवस्थेला कचऱ्याची गरज लागते ती व्यवस्था कचरा कमी व्हावा म्हणून कितपत झटेल, हा प्रश्न उरतोच. शिवाय प्लास्टिक जाळणं म्हणजे शेवटी खनिज तेल जाळणंच.

जहाजात चढलेला कचरा

आता ती दुसरी गफलत. कचरा जिथला तिथं राहत नाही.

१९८० च्या दशकात श्रीमंत देशांत कचऱ्याचे कायदे कडक झाले. विषारी कचऱ्याची विल्हेवाट महाग झाली. मग तो जहाजात चढला. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको या बंदरगावी इटलीहून आलेली विषारी कचऱ्याची हजारो पिंपं एका शेतकऱ्याच्या आवारात सापडली. त्याला महिन्याला किरकोळ भाडं मिळत होतं. पिंपांत काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अशा प्रकरणांमुळे १९८९ मध्ये बाझल करार झाला आणि १९९२ पासून अमलात आला. घेणाऱ्या देशाला आधी कळवून, त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय घातक कचरा पाठवायचा नाही, हा त्याचा गाभा. अमेरिकेनं त्यावर सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

प्लास्टिक मात्र ‘पुनर्वापराचा माल’ या नावाखाली जातच राहिलं. १९९२ नंतर जगात देशोदेशी पाठवल्या गेलेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या चीननं घेतला. युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांनी निष्ठेनं धुऊन वेगळ्या केलेल्या डब्या-बाटल्यांचा ‘पुनर्वापर’ बऱ्याचदा चीनमधल्या कुठल्यातरी गावात हातांनी व्हायचा. आकडेवारीत मात्र त्या देशाच्या नावापुढे पुनर्वापराची टक्केवारी चढायची. २०१८ च्या सुरुवातीपासून चीननं हे दार लावून घेतलं. लगेच तो माल मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया आणि तुर्कस्तानकडे वळला. २०१९ मध्ये फिलिपिन्सनं ६९ कंटेनर कॅनडाला परत धाडले. कागदोपत्री त्यात प्लास्टिक होतं, उघडल्यावर घरगुती कचरा आणि वापरलेले डायपर निघाले होते. त्याच वर्षी बाझल करारात प्लास्टिकसाठी दुरुस्ती झाली. २०२१ पासून मिसळलेलं, घाणेरडं प्लास्टिक पाठवायलाही संमती लागते.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. दोघं राजी असतील तर तिसऱ्यानं का बोलावं? गरीब देशाला पैसा हवाय, श्रीमंत देशाला जागा हवीय. १९९१ मध्ये जागतिक बँकेत लिहिलं गेलेलं एक अंतर्गत टिपण पुढं बाहेर फुटलं. प्रदूषण कमी वेतनाच्या देशांत हलवणं आर्थिकदृष्ट्या किफायतशीर आहे, अशा आशयाची मांडणी त्यात होती. त्यावर सही असलेले बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांनी पुढं ते उपरोधानं लिहिल्याचा खुलासा केला. उपरोध असेल. पण जग प्रत्यक्षात त्याच गणितानं चालत आलंय, त्यात उपरोध नाही.

या युक्तिवादात संमतीची कल्पना ढिली आहे. संमतीला तीन गोष्टी लागतात. काय घेतोय हे माहीत असणं, ‘नाही’ म्हणायची ताकद असणं, आणि ज्याला भोगायचंय त्यानंच ‘हो’ म्हणणं. कोकोच्या शेतकऱ्याकडे पहिली नव्हती. उपाशी माणसाकडे दुसरी नसते. आणि बंदरावर सही करणारा अधिकारी आणि नदीचं पाणी पिणारं मूल ही दोन वेगळी माणसं असतात, तेव्हा तिसरीही नसते.

इमान्युएल कांट यांनी १७९५ साली एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली होती. पृथ्वी गोल आहे, म्हणून माणसं एकमेकांपासून अमर्याद लांब पांगू शकत नाहीत. कधीतरी एकमेकांना सामावून घ्यावंच लागतं. त्यांचा विषय परक्या माणसाचं आतिथ्य हा होता. पण हेच कचऱ्यालाही लावता येतं. गोलावर ‘लांब’ अशी जागाच नसते. लांब, लांब म्हणत गेलात की कुणाच्या तरी परसात पोचता, आणि आणखी पुढं गेलात तर स्वतःच्याच.

जे घेतात त्यांच्याविषयी

आतापर्यंत आपण देणाऱ्याकडून पाहिलं. आता घेणाऱ्याकडून पाहूया. कारण जगाच्या मोठ्या भागात कचरा खरोखर हातानं घेणारी माणसं आहेत.

इजिप्तची राजधानी कैरो. तिथं मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी जब्बालीन नावानं ओळखला जाणारा समाज राहतो. बहुसंख्य कॉप्टिक ख्रिस्ती, म्हणजे त्या देशातले अल्पसंख्य. १९४० च्या दशकापासून ते घरोघरचा कचरा उचलतात, वस्तीत आणून निवडतात. कागद, पत्रा, काच, प्लास्टिक विकतात, आणि ओला कचरा डुकरांना घालतात. गोळा केलेल्या कचऱ्यापैकी ८० टक्क्यांपर्यंत ते पुन्हा कामात आणतात, असं अभ्यासक सांगतात. अनेक आधुनिक यंत्रणांना हे जमलेलं नाही.

२००३ मध्ये सरकारनं हे काम परदेशी कंपन्यांना दिलं. कंपन्यांनी रस्त्यावर मोठे डबे ठेवले. चौथ्या मजल्यावरच्या दारातून कचरा नेणाऱ्या माणसाची सवय असलेलं शहर त्या डब्यांपर्यंत जाईना. पुढं २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीनं सरकारनं देशातली सुमारे ३ लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. तेव्हा इजिप्तमध्ये या रोगाचा एकही रुग्ण नव्हता, आणि डुकरं मारायची गरज नाही असं आंतरराष्ट्रीय संस्था सांगत होत्या. डुकरं गेली, त्याबरोबर ओला कचरा उचलण्याचं कारणही गेलं. कैरोच्या रस्त्यांवर खरकटं कुजू लागलं. एका उपेक्षित समाजानं शहराला किती काळ, किती स्वस्तात तोलून धरलं होतं, हे तेव्हा लोकांना दिसलं.

आपल्या पुण्यात याच प्रश्नाला वेगळं उत्तर शोधलं गेलं. इथं कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. बाबा आढाव यांचं मार्गदर्शन तिला लाभलं. आम्ही वेचतो त्यातून शहराचा खर्च वाचतो, तेव्हा आम्ही कामगार आहोत, आम्हाला ओळखपत्र द्या, ही त्यांची मागणी. महापालिकेनं ती मानली. पुढं २००८ मध्ये या स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कुंडीत हात घालणारी बाई दारावर येऊन, वर्गीकरण केलेला कचरा हातात घेऊन, महिन्याचे पैसे हक्कानं मागू लागली. ‘कुणाला देतो’ या प्रश्नाला तिथं एक चेहरा मिळाला. सगळं सुरळीत आहे असं नाही. कराराचं नूतनीकरण दरवेळी रेंगाळतं, पैसे देताना घरं कुरकुरतात. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा सोसला, विहिरी खराब झालेल्या पाहिल्या, वेळोवेळी गाड्या अडवल्या. तो आपला कोतो आहे. आपल्याकडे मिनोबे मात्र झाले नाहीत.

तीन कसोट्या

मग कुठल्या प्रदेशाची पद्धत बरी? यंत्रांची तुलना करून याचं उत्तर मिळणार नाही. कोरियातली पेटी, स्वीडनची भट्टी, पुण्याची ढकलगाडी, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक ओल्या कचऱ्याला युरोपची भट्टी आणून बसवली तर ती धुमसत राहते, कारण ओलं नीट पेटत नाही. पण तीन कसोट्या कुठंही लावता येतात.

पहिली, कचरा जवळ राहतो का? जितका जवळ, तितकी लपवाछपवी कमी. दुसरी, ज्यानं वस्तू बनवली आणि ज्यानं वापरली, त्या दोघांच्या खिशाला त्याची झळ लागते का? तिसरी, जो शेवटी हात लावतो त्याला ओळख, मजुरी, हातमोजे आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे का? टोकियोनं पहिली कसोटी बरीचशी पार केली, जर्मनी-कोरियानं दुसरी, पुण्यानं तिसरीची सुरुवात केली. तिन्ही एकत्र पार केलेली जागा आम्हाला तरी दिसलेली नाही.

आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. पुष्कळांना ती सरकारी कटकट वाटते. आम्ही ती वेगळ्या तऱ्हेनं पाहतो. ओल्यासुक्याच्या ढिगात फुटलेली काच, सुई, डायपर कालवून देणं म्हणजे घेणारा कुणी माणूस आहे, हेच नाकारणं. वेगळं करून देणं ही त्या माणसाची दखल आहे. एवढ्यानं जगाचे २०१ कोटी टन कमी होणार नाहीत, त्यासाठी कारखान्यांना आणि सरकारांना धरावं लागेल. पण त्यांना धरणाऱ्यांचे स्वतःचे हात आधी स्वच्छ हवेत.

जाता जाता पुन्हा त्या क्रियापदाकडे. मराठीत ‘देणं’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. दुकानदाराचं देणं, सावकाराचं देणं. म्हणजे जे फेडायचं बाकी आहे ते. आपण जे जे टाकून दिलं ते कुणाच्या तरी विहिरीत, फुप्फुसात, शेतात आपल्या नावावर मांडलेलं आहे. ते आपलं देणं आहे. ते कसं फेडायचं, यावर आता तुमचे प्रश्न आणि तुमची मतं ऐकायला आम्हाला आवडेल.